‘तारुण्याचं प्रोटीन’ मोजलं कशानं?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मजकूर या महिन्यात पुन्हा आला. थोडक्यात असा : हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना तरुण रक्तात जीडीएफ ११ नावाचं ‘तारुण्याचं प्रोटीन’ सापडलं, वयाबरोबर ते घटतं, अँटिबॉडीने मोजून हे सिद्ध झालंय, ते टोचलं की म्हातारं हृदय आणि स्नायू पुन्हा तरुण होतात. खालच्या मजल्यावरच्या काकांची बायपास झालीय. त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, “हे इंजेक्शन पुण्यात मिळतं का गं?” मी रोज अँटिबॉडी वापरून पेशींमधली प्रोटीनं शोधण्याचं काम करते, म्हणून मला विचारलं. जिन्यात देता येईल एवढं छोटं उत्तर नव्हतं, म्हणून एकेक दावा घेऊन इथे लिहितेय.

पहिला दावा, ‘हार्वर्डला सापडलं’. यात अर्धं खरं आहे. प्रोटीन आधीपासून ठाऊक होतं. ज्या उंदरांत त्याचं जनुक काढून टाकलं त्यांना जादा बरगड्या येतात आणि ते जन्मल्यावर लगेच मरतात, हे १९९९ सालीच छापून आलंय. हार्वर्डच्या एमी वेजर्स आणि रिचर्ड ली यांच्या गटाने २०१३ मध्ये ‘सेल’ या विज्ञान-नियतकालिकात लिहिलं ते वेगळं होतं. म्हातारा आणि तरुण उंदीर शिवून त्यांचं रक्ताभिसरण एक केलं, तेव्हा म्हाताऱ्याच्या हृदयाच्या भिंतीची वाढलेली जाडी उतरली. त्याचं श्रेय त्यांनी जीडीएफ ११ला दिलं. पुढच्या वर्षी ‘सायन्स’मध्ये स्नायू आणि मेंदूवरचे निबंध आले. हे प्रयोग झाले, गंभीर लोकांनी केले. पण सगळे उंदरांवर.

दुसरा दावा माझ्या कामाचा, म्हणून इथे थोडी रेंगाळते. ‘अँटिबॉडीने मोजलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वजनकाटा डोळ्यांपुढे येतो. अँटिबॉडी हा काटा नव्हे. ती प्रोटीनच्या पृष्ठभागावरचा एक छोटा तुकडा ओळखते. तसाच तुकडा दुसऱ्या प्रोटीनवर असेल तर तिथेही बसते. आणि जीडीएफ ११ला असा एक भाऊ आहे : जीडीएफ ८, म्हणजे मायोस्टॅटिन. दोघांच्या कार्यक्षम भागात प्रत्येकी १०९ अमिनो आम्लं, त्यांतली फक्त ११ वेगळी. कुलकर्णी आणि कुळकर्णी एकाच वाड्यात राहावेत आणि पोस्टमनने घाईत पाकीट टाकावं, तसं होतं. त्यात रक्तात मायोस्टॅटिन कितीतरी जास्त असतं. शिवाय मायोस्टॅटिन स्नायूंची वाढ रोखतं. ते बिघडल्यामुळेच बेल्जियन ब्लू जातीच्या गाईबैलांचे स्नायू फुगलेले दिसतात. म्हणजे तारुण्याचं प्रोटीन मोजतोय असं समजून स्नायूंना लगाम घालणारंच मोजलं जायची भीती.

नेमकं हेच २०१५ मध्ये नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या संशोधकांनी ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये दाखवलं. हार्वर्डच्या गटाने वापरलेली अँटिबॉडी आणि दुसरं मोजमाप करणारा आप्टामर (अँटिबॉडीसारखाच प्रोटीनला चिकटणारा डीएनएचा तुकडा), दोन्ही मायोस्टॅटिनलाही धरत होते. जीडीएफ ११साठी जास्त नेमकी चाचणी घेतली तेव्हा वयाबरोबर ते घटताना दिसलं नाही, उलट वाढीकडे कल दिसला. हार्वर्डकडून उत्तर आलं की नोव्हार्टिसने ब्लॉटवर (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने उमटवलेल्या चित्रावर) जी पट्टी जीडीएफ ११ मानली ती मुळात इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्याच अँटिबॉडीची, होती. या प्रोटीनचे दोन रेणू जोडीने असतात, ती जोडगोळी साधारण २५ किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं एकक) आणि इम्युनोग्लोब्युलिनची हलकी साखळीही त्याच आसपासची. जेलवर दोन्ही एकाच उंचीवर येतात.

मी स्वतः अशा पट्टीसमोर बसलेय. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर अगदी स्वच्छ, काळी, सरळ रेघ उमटते आणि जीव हरखतो. मग शेजारच्या लेनमध्ये शुद्ध मायोस्टॅटिन चालवलं, की त्याच उंचीवर तितकीच काळी रेघ. पेशींत पुढे काय होतं ते बघूनही सुटका नाही. दोन्ही प्रोटीनं पेशीवरच्या त्याच ॲक्टिव्हिन रिसेप्टरवर (संदेश घेणाऱ्या प्रोटीनवर) बसतात आणि आत संदेश नेणारी तीच स्मॅड २ आणि स्मॅड ३ ही प्रोटीनं चेतवतात. स्मॅड २ला फॉस्फेट लागलेला दिसला, म्हणजे ते चेतलंय हे कळलं, तरी संदेश कुठल्या भावाकडून आला ते कळत नाही.

‘डबीवर जीडीएफ ११ अँटिबॉडी असं छापलेलं असतं, मग शंका कशाला?’ असं मला एका शिकलेल्या माणसाने विचारलंय. अँटिबॉडी त्या प्रोटीनला बसते एवढंच लेबल सांगतं. आणखी कशाकशाला बसते, ते ती वापरणाऱ्यालाच तपासावं लागतं : जनुक काढलेल्या पेशीत पट्टी नाहीशी होते का, भावाचं शुद्ध प्रोटीन दिल्यावर उमटते का. एवढं न करता छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

तिसरा दावा, माणसांत वयाबरोबर घट. अँटिबॉडीचा घोळ टाळायचा तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे तुकड्यांच्या वजनावरून, दोन्ही प्रोटीनांतले वेगळे तुकडेच मोजायचे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने २०१६ मध्ये ते केलं. जीडीएफ ११ वयाबरोबर घटलेलं दिसलं नाही. हृदयाची महाधमनीची झडप गंभीररीत्या अरुंद झालेल्या रुग्णांत ज्यांच्या रक्तात जीडीएफ ११ जास्त, त्यांच्यात अशक्तपणा जास्त होता.

टोचण्याबद्दल फार लिहायला नको. दुसऱ्या गटाने २०१५ मध्ये म्हाताऱ्या उंदरांना हार्वर्डएवढाच डोस, दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, २८ दिवस दिला. हृदयाच्या भिंतीची जाडी उतरली नाही. २०१७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी जास्त डोस दिला तेव्हा उंदीर रोडावले, स्नायू झिजले, हृदयही. मेंदूवरच्या परिणामाचा अभ्यास अजून चालू आहे आणि तो व्हायला हवा. पण तरुणांचं प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) विकणाऱ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०१९ मध्ये लोकांना सावध केलं, ते मला फार आधी व्हायला हवं होतं असं वाटतं.

काकांना काल सांगितलं : हे प्रोटीन विकत मिळतं, पण त्या इवल्याशा कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं. ती पेशींच्या प्लेटमध्ये घालायला असते, माणसाच्या दंडात नाही. ते म्हणाले, “मग ग्रुपवर तूच टाक.” म्हणून टाकतेय.