आत्यानं ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता

इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहणाऱ्या माझ्या आत्याच्या मोबाइलची रेंज एका शनिवारी दुपारी गेली. संध्याकाळी वायफायवरून व्हॉट्सअॅपवर बोलताना ती म्हणाली, "टॉवरचं काही काम निघालं असेल रे." मीही म्हटलं, उद्या बघू. ते मला अजून लागून राहिलंय.

सोमवारी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, रविवारी रात्री खात्यातून १ लाख ८० हजार गेले होते. तिच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढून घेतलं होतं. पासवर्ड आधीच फुटलेला असणार, ओटीपी सरळ त्या सिमवर गेला. नवं सिम चालू झालं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचा नियम आपल्याकडे २०२२ पासून आहे. चोरानं तेवढी वाट पाहिली आणि दिवसही सुटीचा निवडला.

बँकेतला मुलगा मात्र तिलाच विचारत होता, "आंटीजी, ओटीपी किसको बताया आपने?" ३४ वर्षं शाळेत शिकवलेली बाई मान खाली घालून बसली होती. मला राग आला तो या प्रश्नाचा.

कारण ओटीपी कुणाला न सांगता, अगदी सिमलाही हात न लावता तो चोरला जाऊ शकतो. आपण दुबईला उतरलो की तिथलं नेटवर्क आपल्या कंपनीला कळवतं, "हा नंबर आता माझ्याकडे आहे." जगभरच्या कंपन्या हे निरोप एसएस७ नावाच्या पद्धतीनं देतात. ती सत्तरच्या दशकात आखली गेली. तेव्हा या जाळ्यात मोजक्याच, बहुतेक सरकारी संस्था होत्या, सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या. निरोप खरा की खोटा हे तपासायची सोय कुणी ठेवलीच नाही. असा खोटा निरोप पाठवून दुसऱ्याचे कॉल ऐकता येतात, हे डिसेंबर २०१४ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या हॅकर परिषदेत संशोधकांनी दाखवून दिलं. २०१७ मध्ये जर्मनीतच चोरांनी हीच वाट धरून बँकांचे एसएमएस आपल्याकडे वळवले आणि लोकांची खाती रिकामी केली. मधली दोन-तीन वर्षं वाया गेली होती.

आणि प्रश्न एकट्या पैशांचाही नाही. १२ डिसेंबर २०२३ ला हॅकर्सनी युक्रेनची कीवस्टार ही मोबाइल कंपनी ठप्प केली. ऐन युद्धात सुमारे २ कोटी ४० लाख ग्राहकांचे फोन बंद, काही भागांत हवाई हल्ल्याचे इशारेसुद्धा अडकले.

पेन्शन, गॅस, आधार, सगळं आपण एका मोबाइल नंबराला बांधून ठेवलंय. मग नंबर दुसऱ्या सिमवर गेल्याचं कंपनीनं त्याच क्षणी बँकेला कळवलं पाहिजे आणि ग्राहक स्वतः शाखेत येईपर्यंत बँकेनं मोठी रक्कम सोडता कामा नये. ते झालं नाही तर भरपाई या दोघांनी द्यावी, सत्तरीच्या बाईनं नव्हे.

घरात कुणाची रेंज अशी अचानक गेली, तर त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आम्ही सोमवारी लावला. तक्रार नोंदली आहे, बँकेकडून उत्तर आलं की इथेच लिहीन.