व्ही-वन आणि वॅगनआर

एअरबस 320 च्या टाइप रेटिंगसाठी, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायच्या परवानगीच्या ट्रेनिंगसाठी, 14 जुलैला हैदराबादला हजर व्हा, असा कंपनीचा मेल आला तेव्हा आई पेढे आणायला निघाली होती. मेलच्या तळाशी एक ओळ होती: स्वतःचं वाहन आणायचं असल्यास आणावं, पार्किंगची जबाबदारी ज्याची त्याची. पेढे राहिले बाजूला.

"म्हणजे गाडी आणा म्हणायलेत," आई म्हणाली.

"आणू नका म्हणायलेत," पप्पा म्हणाले. पप्पांची तीस वर्षं सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात गेलीत. मालक लोकांच्या 'असल्यास'चा अर्थ त्यांना बरोबर लागतो.

गाडी म्हणजे आमची 2011 ची चंदेरी वॅगनआर. म्हणायला घरची, पण किल्ली पप्पांच्या शर्टाच्या खिशात, आणि शर्ट धुवायला टाकला की बनियनमध्ये. बारामतीला 200 तास उडून मी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, काढलं, ते सगळे तास लॉगबुकात शिक्क्यानिशी आहेत. वॅगनआरवरचे माझे तास मोजले तर अकरा भरतील, आणि तेसुद्धा शेजारी पप्पा बसलेले असताना. ट्रेनिंगच्या विमानात शिकवणाऱ्याच्या पायाशीही पेडल असतात, वेळ पडली तर तो आपल्या आधी ब्रेक मारतो. वॅगनआरमध्ये तशी सोय नाही हे पप्पांना कळवायचं राहून गेलंय. सात रस्त्यावर रिक्षा आडवी आली की ते डाव्या सीटवरून असा पाय दाबतात की खालची मॅट पुढं सरकते.

त्यांचा अविश्वास अगदीच निराधार नाही, हेही सांगून टाकते. सेसना जमिनीवर असताना पायानं वळते. हातातलं योक फिरवून काही होत नाही, डावं रडर पेडल दाबलं की ती डावीकडं जाते. सुरुवातीला सगळेच योक स्टिअरिंगसारखं फिरवतात आणि शिव्या खातात, मीही खाल्ल्या. महिनाभरात सवय मोडली आणि सुट्टीला घरी आले. विजापूर रोडवर डावीकडं वळायचं म्हणून मी डावा पाय दाबला. तिथं क्लच होता. गाडी न वळता नाकासमोर जात राहिली, थेट उसाच्या रसाच्या गाड्यापर्यंत. रसवाला भला माणूस. पप्पांना त्यानं आधी पाणी दिलं.

तर आता प्रश्न असा, की सहा आठवडे हैदराबादला गाडी न्यायची की नाही. कंपनी हॉटेल देणार होती, हॉटेलपासून सिम्युलेटरपर्यंत बसही देणार होती. पण सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट, ही वस्तू कोट्यवधींची, ती रिकामी ठेवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून ती रात्रंदिवस चालते. चार चार तासांच्या पाळ्या असतात, दोन तास तुम्ही उडवायचं, दोन तास जोडीदाराला मदत करायची. आधी ब्रीफिंग, नंतर तुमच्या चुकांची उजळणी. नवख्यांच्या वाट्याला रात्री दोनची पाळी येते, हे आमच्या सीनिअरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"रात्री दोनला?" आईनं छातीवर हात ठेवला. "मग गाडी पाहिजेच."

"रात्रभर जागून सकाळी सातला ही गाडी चालवत येणार?" पप्पा म्हणाले. "डुलकी लागली तर?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण होती. एकाचं तरी चुकीचं असतं तर मी लगेच दुसऱ्याच्या बाजूनं झाले असते.

मग काका आले. त्यांचा मुद्दा सरळ होता: "विमान चालवणार अन् गाडी न्यायला भितीस व्हय गं?" आज्जी आली ती द्राक्षासवाची बाटली घेऊन, रात्रीच्या जागरणाला ताकद म्हणून. आसव-अरिष्टात आपोआप अल्कोहोल तयार होतं आणि आम्हाला ड्यूटीआधी नळीत फुंकून दाखवावं लागतं, एवढं समजावण्यात माझा अर्धा तास गेला. अर्ध्या तासानं आज्जी म्हणाली, "मग निम्मं झाकण घे."

आमच्या बॅचच्या ग्रुपवर वेगळाच प्रकार. आठ जण. कुणीतरी विचारलं, गाडी कोण आणतंय? सगळे गप्प. मी लिहिलं, "बघते." सोलापुरात 'बघते'चा अर्थ साधारण 'नाही' असा होतो. बाकीच्या सात जणांच्या गावांत तो 'हो' असा होत असावा. संध्याकाळपर्यंत एकानं मला त्याच्या विमानाची वेळ पाठवली, न्यायला ये म्हणून. दुसऱ्यानं विचारलं, रविवारी चारमिनारला किती वाजता निघायचं.

याच गडबडीत मी एक मोठी चूक केली. पप्पांना व्ही-वन समजावून सांगितलं.

व्ही-वन म्हणजे धावपट्टीवरचा एक वेग. विमानाचं वजन, धावपट्टीची लांबी, हवेचं तापमान वगैरे धरून तो दर उड्डाणाला नव्यानं काढतात. त्या वेगाच्या आत काही बिघडलं तर थांबता येतं. तो ओलांडला की इंजिन बंद पडलं तरी उडायचंच, कारण थांबायला पट्टी उरलेली नसते. तोवर कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्यावर, असतो, 'व्ही-वन' ऐकू आलं की तो हात काढून घेतो, मन बदलायचा मोह नको म्हणून. पप्पांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीचं काय ठरलं विचारलं की म्हणायला लागले, "अजून व्ही-वन आलेला नाही." एकादशी होऊ दे. पंक्चरवाला टायर बघू दे. पीयूसी करून आणतो, मग बोलू.

मधेच त्यांनी कायदाही आणला. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो, त्याआधी इथल्या आरटीओची एनओसी. "सहा आठवड्यांचाच प्रश्न आहे," मी म्हटलं. "अन् नंतर तुझी पोस्टिंग गुवाहाटीला झाली तर? गाडी तिथंच ऱ्हाणार. वर पुढच्या वर्षी हिची पंधरा वर्षं भरतील, पासिंग कोण करणार?" याला उत्तर नव्हतं. पोस्टिंग कुठं ते कंपनीलाही तेव्हा ठाऊक नसतं.

खरं तर होटगी रोडचं विमानतळ आमच्या घरापासून चार किलोमीटरवर. शेजारच्या साखर कारखान्याची चिमणी विमानांना आडवी येते म्हणून किती वर्षं वाद चालला, अखेर 15 जून 2023 ला ती पाडली. 9 जून 2025 ला तिथून विमानसेवा सुरू झाली, गोव्याला. मला जायचं होतं बरोबर उलट दिशेला. त्यामुळं पायलट निघाली ती रस्त्यानं.

शेवटी निर्णय आईनं घेतला, न बोलता. शनिवारी रात्री ओट्यावर सामान मांडलं होतं: शेंगा चटणीचे दोन डबे, कडक भाकरीचा गठ्ठा, शेंगापोळ्या, लिंबाचं लोणचं, दोन चादरी, त्यातली एक 'मॅडमना द्यायला'. कुठल्या मॅडम, विचारायची सोय नव्हती. हे सगळं घेऊन एसटीत चढणं शक्य नव्हतं. पप्पांनी किल्ली काढली. "मी सोडतो. गाडी ठेवायची का ते तिथं बघू."

रविवारी नळाला पाणी यायचं होतं, चार दिवसांनी, म्हणून ते भरून दहाला निघालो. नळदुर्ग गेलं, उमरगा गेलं. जहीराबादच्या अलीकडं पप्पांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "घे." मी वीस किलोमीटर चालवली. मॅट दोनदाच सरकली.

हॉटेलचं पार्किंग तळघरात, दोन मजले खाली. रखवालदारानं बोट दाखवलं तिकडं एक गोल उतार होता, जिलबीसारखा वळत अंधारात जाणारा, दोन्ही भिंतींवर वेगवेगळ्या रंगांचे ओरखडे. पप्पा उतरून चालत खाली गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते भिंतीवरचा एक चंदेरी ओरखडा बघूनच आले असावेत.

"बसची व्यवस्था चांगली हाय ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग नको." किल्ली खिशात गेली. तीन आठवड्यांचा वाद तीन मिनिटांत मिटला. सुटकेस उतरवली, चहा घेतला, आणि अंधार पडायच्या आत शहराबाहेर पडतो म्हणून ते लगेच निघाले. मी ग्रुपवर लिहिलं, गाडी नाही. सात रडके चेहरे आले.

साडेनऊला फोन वाजला. मागं ढाब्यावरच्या भांड्यांचा आवाज.

"अगं, डबे डिकीतच राहिले की! चादरी बी. फिरू का माघारी?"

"कुठं आहात?"

"उमरगा सोडलं आत्ता."

"व्ही-वन गेला पप्पा," मी म्हटलं. "सरळ घरी जावा."

पलीकडं थोडा वेळ नुसतीच भांडी वाजली. मग ते म्हणाले, "चटणी उघडू का मग? इथली भाजी काय खरी नाही."