तुमच्या एक ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर: ट्रिगर, सिंक आणि आमची चूक

नमस्कार. तुम्ही लिहिलंत की आमच्या फ्रेम ग्रॅबर कार्डाला (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणारं कार्ड) ट्रिगर, म्हणजे चित्र टिपण्याचा इशारा, एकदा दिला की दोन फ्रेम येतात, कन्व्हेयर पट्ट्यावरची वस्तू दर वेळी वेगळ्या जागी दिसते आणि तिच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात. केबल बदलूनही फरक पडला नाही, आणि सपोर्टने मॅन्युअलचा पान क्रमांक कळवून विषय संपवला. त्या पान क्रमांकाबद्दल आधी माफी मागतो. मी ते पान पुन्हा वाचलं. त्यावर ऑक्झिलरी कनेक्टरचा पिनांचा तक्ता आहे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

दोन फ्रेम येण्याचं कारण सोपं आहे. तुम्ही पाठवलेल्या वायरिंगच्या फोटोत ट्रिगर रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) येतोय. रिलेचा संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि कार्डाला तेवढ्यात एकाऐवजी दोन-तीन ट्रिगर आल्यासारखे दिसतात. सेटिंगमधला डिबाउन्स फिल्टर (ही थरथर गाळणारी सोय) ५ मिलिसेकंदांवर ठेवा. ट्रिगर साधारण तेवढाच उशिरा लागेल, पण दर वेळी जवळपास सारखाच, त्यामुळे वस्तू आल्याचं ओळखणारा सेन्सर किंचित मागे सरकवला की झालं. सेन्सर थेट जोडणार असाल तर ऑप्टो-आयसोलेटेड (प्रकाशाद्वारे सिग्नल देऊन कार्ड विजेपासून वेगळं ठेवणारं) इनपुटच वापरा. २४ व्होल्टची वायर टीटीएल पिनला (ती फक्त ५ व्होल्टच्या सिग्नलसाठी असते) चुकूनही लावू नका, कार्ड जळेल.

वस्तू सरकते त्याचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते आम्ही विक्रीआधीच सांगायला हवं होतं. तुमचा कॅमेरा ६२५ रेषांचा, इंटरलेस्ड (आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या रेषा टिपणारा) आणि स्वतःच्या घड्याळावर चालणारा आहे. आपण ट्रिगर देतो तो कार्डाला, कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. कार्ड ट्रिगर मिळाल्यावर पुढच्या फ्रेमच्या व्हर्टिकल सिंकची (नवी फ्रेम सुरू झाल्याच्या खुणेची) वाट पाहतं, आणि ही वाट ४० मिलिसेकंदांपर्यंत लांबू शकते. तुमचा पट्टा सेकंदाला अर्धा मीटर धावतो, म्हणजे वस्तू तेवढ्यात २० मिलिमीटर पुढे गेलेली असते. कधी २, कधी १८. कंगवाही त्यातूनच आला: सम आणि विषम रेषांची फील्ड २० मिलिसेकंदांच्या अंतराने टिपली जातात. केबल कितीही चांगली घातली तरी हे जाणार नाही.

यावर खरा उपाय म्हणजे असिंक्रोनस रिसेट घेणारा (इशारा मिळताच त्या क्षणी नवी फ्रेम सुरू करणारा) प्रोग्रेसिव्ह (सगळ्या रेषांचं एकच पूर्ण चित्र देणारा) कॅमेरा. मग ट्रिगर आला की कार्डच आपल्या आउटपुट पिनवरून कॅमेऱ्याला रिसेट देतं, आणि एक्सपोजर तिथूनच सुरू होतं. स्ट्रोब (क्षणभर चमकणारा दिवा) त्याच सिग्नलवर बांधता येतो. असा कॅमेरा तुमच्याकडे असेल तर जोडणीचा आराखडा मी स्वतः काढून देतो.

नसेल, आणि कॅमेरा बदलायचा नसेल, तर आमचं कार्ड तुमच्या कामाचं नाही. ते परत पाठवा, पूर्ण पैसे मिळतील, वाहतूक खर्च आमचा. तुम्ही 'हार्डवेअर ट्रिगर' हे शब्द वाचून फोटो त्याच क्षणी निघेल असं समजलात, यात तुमची काहीच चूक नाही. माहितीपत्रकात आम्ही तेवढंच लिहिलं होतं. 'फ्री-रनिंग कॅमेऱ्यासोबत एका फ्रेमपर्यंत उशीर' (फ्री-रनिंग म्हणजे तुमच्यासारखा स्वतःच्या घड्याळावर चालणारा कॅमेरा) ही ओळ आता त्याच्या शेजारी टाकली आहे, आणि ऑर्डर घेताना कॅमेरा कोणता हे विचारायला सुरुवात केली आहे.

डिबाउन्स बदलल्यावर दुसरी फ्रेम येणं थांबलं का, ते नक्की कळवा. थांबलं नसेल तर ट्रिगरची ग्राउंड वायर कनेक्टरच्या कोणत्या पिनला लावली आहे त्याचा जवळून फोटो पाठवा.