व्हिटॅमिनच्या ड्रिपला 'लायसन्स' आहे म्हणे!

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: व्हिटॅमिनचं सलाईन हे औषध नव्हे, पोषण आहे, त्याला डॉक्टर लागत नाही. गोळी अर्धी वाया जाते, ड्रिप शंभर टक्के लागू पडते. ताकद येते, अंगातले विषारी घटक निघून जातात. अर्ध्या तासात उठून कामाला जा. साइड इफेक्ट शून्य. आणि शेवटी, सेंटर सरकारमान्य आहे, लायसन्स भिंतीवर लावलंय.

शेवटाकडून सुरुवात करू, कारण माणूस फसतो तो तिथेच.

सरकारमान्य म्हणून दाखवतात ते कागद सहसा तीन: शॉप अ‍ॅक्ट, उद्यम आणि जीएसटी. २०१७ च्या शॉप अ‍ॅक्टप्रमाणे मोजकीच माणसं कामाला असली तर नुसती ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, त्यात मालक स्वतःच माहिती भरतो. जीएसटी कराचा. भडंगाच्या दुकानालाही हेच तीन कागद मिळतात. 'ड्रिप क्लिनिक' नावाचा वेगळा परवाना महाराष्ट्रात नाहीच.

मग बघायचं काय? आधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. एमबीबीएस असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधा. बीएएमएस असतील तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. खाटा टाकून पेशंट ठेवत असतील तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी लागते आणि तिची मुदत ३ वर्षं असते. महापालिका हद्दीत ती आरोग्य विभागाकडे, बाहेर तासगाव-विट्याकडे असाल तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयात विचारा. तिसरा कागद जैववैद्यकीय कचऱ्याचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो एका खोलीच्या दवाखान्यालाही चुकत नाही.

कागद दाखवायला का-कू केली तर टेबलाखाली बघा. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. ड्रिप सेटची नळी लाल पिशवीत. फोडलेल्या अँप्युलची (औषधाच्या छोट्या कुपीची) काच निळ्या खुणेच्या खोक्यात. सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबलेलं दिसलं की चप्पल घालावी.

आता 'औषध नव्हे'. शिरेतून जातं ते १९४० च्या औषध कायद्याखाली औषधच, मग आत व्हिटॅमिन असो की आणखी काही. लेबलवर बॅच नंबर, एक्स्पायरी आणि उत्पादन परवाना क्रमांक हवा. त्याऐवजी एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) १४ आकडी क्रमांक दिसला तर ती वस्तू तोंडाने घ्यायची आहे, शिरेतून नव्हे. डॉक्टरला स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला दुकानाचा परवाना लागत नाही. ही सूट ब्युटी पार्लरला नाही. विनापरवाना औषधविक्रीला ३ ते ५ वर्षं कैद आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात होते. घरी येऊन ड्रिप लावणाऱ्या सिस्टरकडेही डॉक्टरची लेखी चिठ्ठी असायला हवी.

'शंभर टक्के' यात अर्धं सत्य आहे. रक्तात सगळं पोचतं, पण राहत नाही. क जीवनसत्त्वाची रोजची गरज पुरुषाला ८० मिलिग्रॅम, बाईला ६५. एक मध्यम पेरू ती भागवतो. हजारो मिलिग्रॅम शिरेत सोडलं की मूत्रपिंडं जास्तीचं बाहेर टाकतात. लघवी पिवळीजर्द होते ती बी-२ मुळे, 'विषारी घटक' निघाल्यामुळे नव्हे. बी-१२ ची खरी कमतरता असेल तर इंजेक्शन लागू शकतं, पण ते दंडात किंवा कमरेत, आणि स्वस्तात. राहिली 'ताकद': ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एका केळ्याएवढ्या कॅलरी. नॉर्मल सलाईनमध्ये तर साडेचार ग्रॅम मीठच.

'अर्धा तास' हा दावा हिशेबानेच पडतो. नेहमीच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. पाकिटावर छापलेलं असतं. ५०० मिली ४ तासांत द्यायचं तर मिनिटाला ४२ थेंब. अर्ध्या तासात संपवायचं तर मिनिटाला ३३३. थेंब राहतच नाहीत, धार लागते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्याच्या फुप्फुसात पाणी साचतं ते अशाने. मॅग्नेशियम जोरात गेलं तर बीपी पडतं.

साइड इफेक्ट शून्य? क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने मुतखडा होऊ शकतो, जी-६-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि काही ग्लुकोमीटर साखर खोटीच वाढलेली दाखवतात. मधुमेही माणूस ती बघून जादा इन्सुलिन घेतो, मग साखर खरोखर उतरते. शिरेतून दिलेल्या बी-१ ची ॲलर्जी क्वचित येते, पण आली तर मिनिटांत. म्हणून सुई लावायच्या आधी विचारा: अ‍ॅड्रेनॅलिन (जोराच्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन) कुठंय, ऑक्सिजन कुठंय, डॉक्टर याच खोलीत आहेत का?

अंगावर गांध्या उठल्या, घसा आवळला, छाती भरली तर ड्रिप लगेच बंद, पण शिरेतली सुई तशीच ठेवायची; पुढच्या औषधांना ती लागते. मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनॅलिन अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एकीकडे १०८ ला फोन. माणूस सावरला की १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणामांच्या हेल्पलाइनवर कळवा. तोवर रिकामी बाटली, अँप्युल आणि सेट कुणाला टाकू देऊ नका. बॅच नंबर त्यांच्यावरच असतो.