‘पोळ्या लाटणाऱ्या बायका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

पेरू देशाची राजधानी लिमा, तिथल्या ओया कोमून, म्हणजे वस्तीतल्या सामायिक चुलींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवलं होतं. पण तुमचं एक वाक्य डोक्यातून जाईना : “ताई, २०१६ ते २०२२ मध्ये सहा राष्ट्राध्यक्ष पाहिलेल्या देशात तुम्ही पोळ्या लाटणाऱ्या बायकांना राजकारणी करून ठेवलंत, हा पर्यटकाचा पेरू आहे.”

माझी चूक आधी कबूल करते. मानुएल मेरिनो आठवडाभर पेरूचे राष्ट्राध्यक्ष होते, असं मी लिहिलं होतं. १० नोव्हेंबर २०२० ला त्यांनी शपथ घेतली आणि १५ तारखेला राजीनामा दिला. आठवडा भरला नाही. तुमचं बरोबर आहे.

आता तुमच्या भाषेविषयी. ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच वाक्यात पर्यटक ठरवून मोकळं व्हायचं, याला आमच्याकडे आदर म्हणत नाहीत. मतभेद असू द्या, पण हा सूर कशासाठी? आणि पोळ्या लिमात कुणी लाटत नाही, तिथे भात शिजतो. तुम्हाला त्या बायकांना हलकं करायचं होतं, म्हणून पोळ्या आल्या.

पर्यटक म्हणालात म्हणून सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१८ ते २०२१ मी लिमात राहिले. २०२० च्या हिवाळ्यात टाळेबंदी सैल झाल्यावर आठवड्यातून दोनदा पांप्लोना आल्ताच्या टेकडीवर जायचे. खालून बजाजची तीनचाकी मिळायची, तिकडे तिला ‘तोरितो’ म्हणतात. ती चढ संपायच्या आधीच सोडायची, पुढे नुसत्या पायऱ्या. पावसासारखा न पडणारा, पण अंगाला चिकटणारा झिमझिम ओलावा. माथ्यावर काँक्रीटची भिंत, तिच्या पलीकडे श्रीमंतांची कासुआरिनास वसाहत. अलीकडे नळ नाही. टँकर येणार आणि निळ्या पिंपात पाणी ओतून पैसे घेऊन जाणार. गॅस परवडत नाही म्हणून फळकुटं जाळून ॲल्युमिनियमच्या भल्यामोठ्या पातेल्यात भात आणि मसूर. कोंबडीचं मांस परवडायचं नाही, पाय आणि पाठीची हाडं परवडायची.

आणि एक वही. कुठल्या घरात किती तोंडं, कुणी एक सोल (तिकडचं नाणं) दिला, कुणाचा राहिला. काही नावांपुढे ‘कासो सोसियाल’ असा शेरा. हे म्हातारे, आजारी, ज्यांच्याकडून पैसे घ्यायचेच नाहीत. हा शेरा कुणाला द्यायचा यावर दर सोमवारी बैठक व्हायची, भांडणं व्हायची, हात वर करून मतं घेतली जायची. सगळ्या एकमेकींना ‘वेसिना’, शेजारीण, म्हणायच्या. नंतर मलाही म्हणू लागल्या. याला तुम्ही काय म्हणता ते तुमचं तुम्ही ठरवा. मी याला राजकारण म्हणते.

आणि हे माझ्या मनचं नाही. डिसेंबर १९८४ मध्ये लिमातल्या बायकांनी मोर्चा काढला, आणि जानेवारी १९८५ मध्ये मुलांना रोज पेलाभर दूध देण्याचा कायदा झाला. विया एल साल्वादोर या वस्तीत याच दुधाच्या समित्या आणि स्वयंपाकघरं बांधणाऱ्या मारिया एलेना मोयानो पुढे तिथल्या उपमहापौर झाल्या. सेंदेरो लुमिनोसो या सशस्त्र माओवादी संघटनेच्या बंदुकांना त्या जाहीरपणे विरोध करत होत्या. १५ फेब्रुवारी १९९२ ला त्यांना पोरांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या आणि मृतदेह डायनामाइटने उडवला. वय ३३. चूल राजकारणाबाहेरची असती, तर सेंदेरोला त्या बाईची एवढी भीती का वाटली असती? २०२२ मध्ये संसदेला ओया कोमूनना कायद्याने मान्यता द्यावी लागली, तीही कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही.

राष्ट्राध्यक्षांचं म्हणाल, तर ते पाडतं कोण? १९९३ च्या राज्यघटनेत ‘कायमची नैतिक अक्षमता’ असं एक कारण आहे. त्याचा अर्थ कुठेच नीट सांगितलेला नाही. तेव्हाच्या १३० जणांच्या संसदेत ८७ मतं जमली की राष्ट्राध्यक्ष घरी. पेद्रो कास्तियो यांनी ७ डिसेंबर २०२२ ला संसद बरखास्त केल्याचं जाहीर केलं आणि काही तासांत तेच हटवले गेले, तेही याच कलमाने. हा खेळ संसदेतला आहे. त्याचं खापर टेकडीवरच्या बायकांवर कसं फोडता?

चीनने बांधलेलं चांकाय बंदर, तांब्याच्या खाणी, ओडेब्रेख्त या ब्राझिली बांधकाम कंपनीची लाच यांवर मी का लिहिलं नाही, असंही विचारलंत. लेख चुलींवर होता. अशा चुली चालल्या की सरकार हात झटकून मोकळं होतं, हाही एक मुद्दा आहे तुमचा. असेल. पण तेवढा वेळ पोरांना काय वाढायचं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

शेवटी एक घरचं. माझी आजी लालबागला गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवायची. ८२ च्या संपात तिने कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं. तिचीही वही होती, लाल पुठ्ठ्याची, आणि त्यातली निम्मी नावं पुढे कधी खोडली गेली नाहीत, कारण पैसे आलेच नाहीत. संपाच्या गोष्टी सांगणारे पुढाऱ्यांची नावं घेतात, तिचं कुणी घेत नाही. तुमचं ते वाक्य मी वाचलं तेव्हा मला ती दिसली. म्हणून एवढं लागलं.

मेरिनोंचे दिवस लेखात दुरुस्त केले आहेत. बाकी एक शब्दही बदललेला नाही, आणि बदलणार नाही.