वेल्डर ट्रेडबद्दलच्या त्या मेसेजचा खुलासा

'दहावी नापासाला आयटीआयत वेल्डर मिळत नाही, कोर्स दोन वर्षांचा' असा मेसेज सध्या कुर्ला-मुलुंडच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही चूक. या ट्रेडला आठवी पास पुरते आणि कोर्स एक वर्षाचा असतो. दोन वर्षं फिटरला लागतात. बहुधा तिथेच घोळ झाला.

'सिक्स-जी एकदा पास, मग जन्मभर बघायला नको' हेही खरं नाही. सिक्स-जी ही वेल्डरची एक चाचणी: ४५ अंशांत तिरका, घट्ट बसवलेला पाइप न फिरवता चहूबाजूंनी वेल्ड करायचा. एएसएमई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या कोडप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) ज्या वेल्डिंग पद्धतीने चाचणी दिली, त्या पद्धतीचं काम सहा महिने केलं नाही, तर पात्रता संपते. चाचणी पुन्हा! आयटीआयचं प्रमाणपत्र मात्र कायम राहतं.