बेंझोएटने जनुकं तुटतात? त्या संदेशाला उत्तर

कैऱ्या बाजारात आल्या की बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो: विकतचं लोणचं टिकावं म्हणून त्यात घातलेलं सोडियम बेंझोएट उंदरांचा डीएनए तोडतं, तो बिघाड नातवंडांपर्यंत जातो, म्हणून युरोपात त्यावर बंदी आहे.

बंदी नाही. ई-२११ या क्रमांकाने ते युरोपात सर्रास वापरतात. २०१६ साली तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फेरतपासणी केली आणि जनुकांच्या बाबतीत काळजीचं कारण नाही, असं सांगितलं.

डीएनए तुटल्याची गोष्ट मात्र निराधार नाही. काचेच्या भांड्यात माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशींवर बेंझोएट घातल्यावर गुणसूत्रं तुटलेली दिसली आहेत, उंदरांवरच्या काही प्रयोगांतही डीएनएला इजा आढळली आहे. पण भांड्यातल्या पेशीला यकृत नसतं. शरीरात यकृत बेंझोएटला ग्लायसिन जोडून हिप्युरिक आम्ल बनवतं आणि ते बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. शिवाय मात्रा पाहायलाच हवी. ज्या मात्रेने उंदरांना काही झालं नाही, तिच्या शंभराव्या हिश्श्यावर माणसाची मर्यादा ठरली: वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. (२०२१ मध्ये जागतिक तज्ज्ञ समितीने ती २० केली, मी जुनीच धरते.) पन्नास किलोच्या बाईला २५० मिलिग्रॅम. आपल्याकडे एक किलो लोणच्यात जास्तीत जास्त तेवढंच घालता येतं. म्हणजे तिला रोज किलोभर लोणचं खावं लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधी मीठ बाधेल.

नातवंडांचं म्हणाल, तर आहारात एक टक्का बेंझोइक आम्ल (बेंझोएट हा त्याचाच क्षार) देऊन उंदरांच्या चार पिढ्या वाढवल्या गेल्या आहेत. वाढ, प्रजनन, आयुष्य, कशातच फरक पडला नाही. मांजराला मात्र हे देऊ नका; त्याच्या शरीराला बेंझोएटचा निचरा नीट जमत नाही.

या गदारोळात खरी काळजी बाजूला पडते, याचं मला वाईट वाटतं. रंगीत पेयं सतत पिणारी लहान मुलं वजनाच्या मानाने ५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू शकतात, हेही त्याच युरोपीय अहवालात आहे. दुसरं, बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकाच पेयात असलं की उष्णतेने, उजेडाने थोडं बेंझीन तयार होऊ शकतं, आणि बेंझीनने कर्करोग होतो हे सिद्ध आहे. तेव्हा मुलांसाठी बाटली घेताना लेबलवर २११ (बेंझोएट) आणि ३०० (क जीवनसत्त्व) हे दोन्ही आकडे असतील आणि ती मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात मांडलेली असेल, तर घेऊ नका.